गवताखालची राजधानी

कंबोडियातील कुलेन डोंगरावर २०१२ साली हेलिकॉप्टरमधून लेसर किरणांनी पाहणी झाली. पानांच्या फटींतून जमिनीवर जाऊन परतणाऱ्या किरणांनी जंगल जणू बाजूला सारले आणि खाली रस्ते, बंधारे, तळी असलेले नगर दिसले. नवव्या शतकातील ख्मेर राजधानीचे, महेंद्रपर्वताचे. ग्वाटेमालातही याच तंत्राने माया लोकांची ६० हजारांहून अधिक बांधकामे सापडल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. अशा बातम्या आपण चहाबरोबर वाचतो, अचंबा करतो आणि पान उलटतो.

डोंगरावरची राजधानी पाहायला मात्र कंबोडियाला जायची गरज नाही. कामथडीच्या पश्चिमेला राजगड उभा आहे. रायगडाच्या आधी सुमारे पंचवीस वर्षे स्वराज्याचा कारभार इथून चालला. गड हरवलेला नाही हे खरे; रविवारी तर तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. पण आपल्याला ठाऊक काय असते? चोरदिंडी, बालेकिल्ला, संजीवनीची चिलखती तटबंदी. राजधानी एवढ्यावर चालते काय? कारकुनांची बिऱ्हाडे, कोठारे, पागा, शिबंदीची घरटी, कारागिरांची पाले, हे सारे कुठे तरी होतेच. माच्यांवर आजही जोती दिसतात, पण पावसाळ्यानंतर कमरेएवढ्या गवतात आणि कारवीत ती बुडतात. तंबू ठोकणाऱ्याला तो नुसता दगड वाटतो, चुलीला बरा. पायथ्याच्या पाल गावाजवळ शिवपट्टणाची जागा दाखवतात. म्हणजे राजधानी केवळ माथ्यावर नव्हती, ती गुंजवणीच्या खोऱ्यात उतरली होती.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत राजगड आहे, शेजारचा तोरणा नाही. मान मिळाला, आता पर्यटक वाढणार, त्यांच्यामागे रस्ते, वाहनतळ, उपाहारगृहेही येणार. राजगडावर रज्जुमार्ग करण्याची घोषणा तर २०२१ सालीच झाली होती. विरोधासाठी विरोध नको. वृद्धांनीही गड पाहावा. मात्र खांबासाठी खड्डा आधी आणि खाली काय होते याची चौकशी मागाहून, ही आपली जुनी रीत इथे चालणार नाही. एकदा उचकटलेले जोते पुन्हा रचले तरी त्याचा पुरावा गेलेलाच असतो.

राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने माथा, माच्या आणि पायथ्याचे खोरे यांची एकत्र लेसर पाहणी करून तो नकाशा लोकांपुढे ठेवावा आणि बांधकामाची परवानगी त्यावरूनच द्यावी. फाल्गुन-चैत्रात गवत वाळते, झाडे निष्पर्ण होतात. विमान उडवायचे तर तेच दिवस सोयीचे.