बाबांना सायकल चालवू द्यावी का?

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक चाळिशीतील गृहस्थ आपल्या वडिलांना घेऊन कराडच्या माझ्या दवाखान्यात आले. वडील ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. चौदा वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू आणि उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरणारा. वडील वजनकाट्याकडे गेल्याची संधी साधून मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, शिवजयंतीला जोडून तीन दिवस सुट्टी आली आहे. कृष्णेच्या काठाने औदुंबरपर्यंत सायकलने जायचं ठरवलं आहे. मुलं आहेत, आम्ही दोघं आहोत. बाबाही येतो म्हणतात. तुम्ही एकदा नाही म्हणा, तुमचं ते ऐकतील."

'नाही' हा डॉक्टरांच्या हाती असलेला सर्वांत सोपा शब्द आहे. तो उच्चारला की जबाबदारी संपते. परंतु त्या दिवशी तो माझ्या तोंडून निघाला नाही, आणि त्याचे कारण माझ्या स्वतःच्या घरात आहे.

माझे वडील पंचाहत्तरीपर्यंत सायकलवरून मंडईत जात. एकदा वळणावर त्यांचा तोल गेला, कोपर खरचटले. मी त्याच संध्याकाळी सायकलला कुलूप घातले आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. ते काही बोलले नाहीत. पुढे मंडई सुटली, मग मित्रांच्या कट्ट्यावरचे जाणे सुटले, मांड्या बारीक झाल्या. दोन वर्षांनी ते न्हाणीघरात पडले आणि खुब्याचे हाड मोडले. सायकल चालू राहिली असती तर ते पडलेच नसते, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. मात्र पडण्याच्या भीतीने चालणे-फिरणे बंद केले की स्नायू व तोल दोन्ही क्षीण होतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो, हे वैद्यकशास्त्र मला तेव्हाही ठाऊक होते. मुलगा म्हणून मी ते विसरलो.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सुचवते. सायकलवर शरीराचा बराचसा भार बैठकीवर असतो, त्यामुळे झिजलेल्या गुडघ्यांना ती चालण्यापेक्षा पुष्कळदा अधिक मानवते. तेव्हा 'चालवू द्यावी का' एवढ्यावर न थांबता 'कशी चालवू द्यावी' हे विचारणे अधिक उपयोगाचे.

वाट कोणती?

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली करीत कराडला कोयनेला भेटते. प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तेथून ती सांगली जिल्ह्यात उतरते आणि पुणे-मिरज लोहमार्ग बराच काळ तिच्या सोबतीने धावतो. शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, आमणापूर, भिलवडी अशी स्थानके थोड्या थोड्या अंतराने येतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढून व्यवसायाचा श्रीगणेशा केला आणि १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. आजोबांनी नातवंडांना सांगण्याजोगी याहून चांगली गोष्ट त्या वाटेवर क्वचितच सापडेल. पुढे पलूस-तासगावचा द्राक्षपट्टा सुरू होतो. फेब्रुवारीत मांडवावर घड लगडलेले असतात आणि बेदाण्याच्या शेडही भरू लागतात.

मी त्यांना सांगितले, रोज पंधरा ते अठरा किलोमीटरच, सकाळी दोन-अडीच तास. ऊन चढण्यापूर्वी मुक्काम गाठायचा. एक मोटार मागे ठेवायची. आणि अंधारात मुळीच नाही, कारण गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि मागे दिवा किंवा परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही.

निघण्यापूर्वी

त्यांचा ईसीजी काढला, रक्तदाब बसून व उभे राहून मोजला, डोळे आणि पायांचे तळवे तपासले. आपल्या घरातील ज्येष्ठांना जिना चढताना छातीत दडपण येत असेल, अलीकडे चक्कर आली असेल, किंवा रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सायकल काढू नये. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असताना डोक्याला लागलेला साधा मारही दुर्लक्षू नये. हेल्मेट तर सर्वांनीच घालावे, आजोबांनी घातले तर नातवंडे आपोआप घालतात.

बैठकीची उंची अशी ठेवावी की पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. बैठक फार खाली असली की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. वेग किती, याचे माप सोपे आहे. सायकल चालवताना सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. नाडी मोजून वेग ठरवण्यापेक्षा हे बरे, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढतच नाही. लघवी वाढवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी उन्हात पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

माझ्याकडून राहून गेलेली गोष्ट

दुसऱ्या दिवशी किर्लोस्करवाडीच्या अलीकडे सर एकाएकी चिडचिड करू लागले. बारा वर्षांच्या नातीला ते विचित्र वाटले. आजोबा कधी रागावत नाहीत, हे तिला ठाऊक होते. तिने कपाळाला हात लावला तर गार घाम. तिच्या आईने ग्लुकोमीटर काढले, साखर ५८. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग पोळी-भाजी खायला दिली. अर्ध्या तासात सर स्वतःच हसू लागले.

झाले असे होते की लवकर निघायचे म्हणून त्यांनी सवयीप्रमाणे पहाटे मधुमेहाची गोळी घेतली आणि न्याहारी वाटेत करू म्हणून निघाले. 'पहाटे निघा' असे मीच सांगितले होते. 'गोळी न्याहारीबरोबरच घ्या, न्याहारी पुढे गेली तर गोळीही पुढे न्या' हे मात्र मी स्पष्ट सांगितले नव्हते. ती चूक माझी.

म्हणून आपणांस विस्ताराने सांगतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकदम उतरू शकते. त्या दिवशीची मात्रा कमी करावी का, हे आधीच डॉक्टरांना विचारावे, स्वतः ठरवू नये. निघताना साखर १०० च्या खाली असेल तर काही खाऊनच निघावे. सायकल चालवण्यापूर्वी इन्सुलिन मांडीत टोचू नये, हलत्या स्नायूंमुळे ते लवकर शोषले जाते. घाम, थरथर, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे सोबतच्या प्रत्येकाला माहीत असावीत. ग्लुकोज आजोबांच्या खिशात असावे, मागच्या मोटारीत नव्हे. व्यक्ती बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

द्राक्षे, बेदाणे आणि वाइन

मधुमेहींनी द्राक्षे खावीत का? दहा-पंधरा मणी जेवणानंतर खाण्यास बहुतेकांना हरकत नसते, आख्खा घड मात्र नको. बागेत फवारणी झालेली असते, म्हणून वाहत्या पाण्याखाली नीट धुतल्याशिवाय एकही मणी तोंडात टाकू नये. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखर असते, हेही लक्षात असू द्यावे. काही ठिकाणी बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. दम्याच्या रुग्णांनी त्या वेळी शेडपासून दूर राहावे.

राज्य शासनाच्या २००१ च्या धोरणातून नाशिककडे विंचूर आणि इकडे पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. "वाइन हृदयाला चांगली ना?" असे मला अनेकजण विचारतात. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. त्यात मधुमेहाची किंवा झोपेची गोळी असेल तर धोका अधिकच वाढतो. आरोग्याच्या नावाखाली कोणी पेला पुढे केला तर नम्रपणे नकार द्यावा.

औदुंबर

तिसऱ्या दिवशी सरांनी अर्धीच वाट सायकलने केली आणि मोटारीत बसले. कोणी त्यांना आग्रह केला नाही, कोणी टोमणाही मारला नाही, हे मला विशेष आवडले. भिलवडीचा पूल मात्र त्यांनी पुन्हा सायकलवरून ओलांडला आणि औदुंबरच्या घाटावर सर्वांबरोबरच पोहोचले. परतल्यावर दवाखान्यात आले ते नातीला घेऊन. मी तिला विचारले, "आजोबांना पुन्हा नेशील का?" ती म्हणाली, "नेईन, पण आधी न्याहारी."

घरातील वडीलधाऱ्यांची काळजी घेणाऱ्या मंडळींना माझी विनंती एवढीच. सायकलला कुलूप घालण्यापूर्वी एकदा त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि प्रश्न त्यांना स्वतःला विचारू द्या. आणि ज्येष्ठ वाचकहो, पंधरा किलोमीटरचा हट्ट नको. घरापासून नदीच्या घाटापर्यंत, सकाळच्या वेळी, कोणाला तरी सोबत घेऊन, एवढ्याने सुरुवात केली तरी पुरे.