हाडं इथंच राहतात



ह्या खेपेला संपादकीयाच्या जागी पाककृती छापतो आहे. पानं मोजकी, छपाईचे पैसे अजून फिटायचेत, आणि हा गडी मटण शिजवायला बसला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आपण कवितेत भूक, भाकर, चूल हे शब्द इतके घासले की ते आता गुळगुळीत झालेत. चुलीत जाळ घालावा लागतो हे आपण विसरलो. वर जे शिजतं त्याला भाव असतो, त्याला नाव असतं, आणि २०१५ पासून त्याला कलमही आहे.

पदार्थ असा : बड्याचं मटण, बिअरमध्ये, तीन तास मंद जाळावर. बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागाचं हे जेवण. फ्रेंच बोलणारे त्याला कार्बोनाद म्हणतात, तिथले फ्लेमिश लोक स्टोफव्लेस. खांद्याचं, पायाचं, चिवट म्हणून स्वस्त मिळणारं मांस, रग्गड कांदा, आणि पाण्याच्या जागी गावची काळपट बिअर. वर मोहरी फासलेला पावाचा तुकडा टाकतात, तो विरघळतो आणि रस्सा दाट होतो. साहेबाच्या ताटातली चीज नव्हे ही. दात आणि वेळ दोन्ही खाणारं मांस ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांनी शोधून काढलेली युक्ती आहे.

मला ती जहाजावर भेटली. मी न्हावाशेव्याला लॅशिंगच्या गँगमध्ये आहे. म्हणजे जहाजावर चढवलेले डबे लोखंडी सळयांनी आवळून बांधायचे, नाहीतर आलेले सोडायचे. ठेकेदाराचा माणूस, दहावी पास. एकदा पहाटेच्या पाळीत एका फिलिपिनो कुकनं डेकवर वाडगा आणून दिला. पहिल्या घासाला मी त्याला विचारलं, ह्यात गूळ आहे का? तो हसला. बिअर, म्हणाला. आणि मोडक्या इंग्रजीत त्यानं मला सगळं सांगितलं, मी त्याहून मोडक्या इंग्रजीत समजून घेतलं. कामगाराला कामगाराचं जेवण कळायला व्याकरण लागत नाही.

आता जिथं मी तो वाडगा खाल्ला, त्या जागेबद्दल. तिथं विजेची वायर लावलेले पांढरे थंड डबे असतात, रीफर. आत उणे अठरा. त्यातल्या कितीतरी डब्यांत म्हशीचं गोठवलेलं मांस असतं. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त. बड्याचं मांस बाहेर पाठवणाऱ्या जगातल्या पहिल्या चार-पाच देशांत आपला देश बसतो. धर्मभ्रष्ट झाला म्हणून त्या डब्याला कुणी अडवत नाही. त्याला सील असतं, कागद असतात, त्याच्यामागं डॉलर असतो. आणि नियम काय, तर बाहेर जाणारं मांस बिनहाडाचं पाहिजे. मऊ, स्वच्छ, चौकोनी तुकडे जहाजावर. नळी, हाडं इथंच राहतात. ते आमचं. शेकडो वर्षं हेच चाललंय. फक्त पूर्वी गावकूस होतं, आता निर्यात धोरण आहे.

आणि आमच्या वाशिम जिल्ह्यात काय?

गाय तर १९७६ च्या कायद्यापासूनच बंद होती. १९९५ साली विधानमंडळानं बैल आणि वळूही त्यात घातले, ते विधेयक दिल्लीत वीस वर्षं पडून राहिलं, आणि ४ मार्च २०१५ ला अमलात आलं. कापलं तर पाच वर्षं कैद, दहा हजार दंड. म्हैस-रेडा राहिला, तोही दाखला घेऊन. पुढं ६ मे २०१६ ला मुंबई हायकोर्टानं बंदी कायम ठेवली, पण दुसऱ्या राज्यात कापलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम उडवलं. माणूस घरात काय खातो ते त्याचं खाजगी आहे, असा त्या निकालाचा अर्थ. आणि आरोपीनंच स्वतःला निर्दोष शाबित करावं हे कलमही गेलं. हा निकाल पाठ करून ठेवा दोस्तांनो. कारण रस्त्यावर अडवणाऱ्या टोळक्यानं तो वाचलेला नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईकडं येणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये एका म्हाताऱ्या माणसाला डब्यातल्या पोरांनी मारलं, जवळच्या बरण्यांत गाईचं मांस आहे म्हणून. तो म्हशीचं आहे सांगत होता. मीही अकोल्याहून गाडी पकडतो. घरून निघताना माय डबा देते. त्या महिन्यानंतर माझ्या डब्यात फक्त ठेचा असतो. दुसऱ्याच महिन्यात, ३० सप्टेंबरला, सरकारनं देशी गाईला राज्यमाता केलं.

त्या मातेचं पोट कोण भरतो ते बघा. आमच्या रिसोडकडं सोयाबीन, तूर, कपाशी. सगळं पावसाच्या भरवशावर. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं त्यात तो होता. २०१८ साली देशातल्या मागास जिल्ह्यांना 'आकांक्षित' असं गोड नाव दिलं त्यातही तो आहे. त्या २००६ च्या पॅकेजात काय वाटलं? दुधाळ जनावरं! ज्याच्या घरात माणसांना पुरत नाही त्याच्या दारात खुराक खाणारी गाय बांधली.

बैल म्हणजे शेतकऱ्याची गुंतवलेली रक्कम. थकला की विकायचा, त्यात भर घालून नवा गोऱ्हा आणायचा. हे चक्र कुणब्याचं, बंजाऱ्याचं, आमच्यातल्या दोन-चार एकरवाल्याचं, सगळ्यांचं. कायद्यानं ते चाक मधूनच काढून घेतलं. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही. मग तो रात्री कुणाच्या तरी शेतात सोडला जातो, नाहीतर दोरीला बांधून उपाशी मरतो. पोळ्याला त्याची शिंगं रंगवायची, पुरणपोळी चारायची, आणि पुढं काय करायचं ते कुणी बोलायचं नाही. आणि मेल्यावर उचलायला कोण पाहिजे? गुजरातेत उनाला जुलै २०१६ मध्ये मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून फोडून काढलं. त्यानंतर तिथल्या आपल्या लोकांनी शपथ घेतली, ढोर उचलणार नाही. तुमची माता, तुम्ही उचला. मला ही शपथ कुठल्याही कवितेपेक्षा मोठी वाटते.

इथं आपल्यातलाच एक शहाणा उठतो आणि म्हणतो, बाबासाहेबांनी मटण सोडायला सांगितलं होतं. नाही रे बाबा. मार्च १९२७ ला महाडला त्यांनी सांगितलं ते मेलेल्या ढोराचं मांस सोडायला आणि गावाचं उष्टं सोडायला. कारण ते मांस गावकीच्या गुलामीतून यायचं. मढं ओढायचं, त्याच्या बदल्यात मढं खायचं. आणि १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारं जे पुस्तक त्यांनी लिहिलं, त्यात त्यांनी डाव उघडा केला : गाय खाणारे एकेकाळी सगळेच होते. बौद्धांवर मात करायला ब्राह्मणांनी गोमांस सोडलं, गाय पवित्र केली, आणि जे फुटीर, गरीब, बौद्ध लोक खात राहिले ते अस्पृश्य ठरले. म्हणजे आपल्या ताटाचा आणि आपल्या जातीचा संबंध त्यांनीच कागदावर मांडला. हे वाचायचं सोडून आपले काही लोक सोसायटीत फ्लॅट घेतल्यावर खिडक्या लावून शिजवतात, वर उदबत्ती लावतात. पाहुण्यांत विचारलं तर, आम्ही आता नाही खात. मी त्यांना दोष देत नाही. मला स्वतःला एका घरमालकानं फोडणीच्या वासावरून खोली सोडायला लावली. पण भीती वेगळी आणि लाज वेगळी. भीतीला उपाय आहे.

दुसऱ्या टोकाला आमचे कॉलेजातले दोस्त. २०१२ च्या एप्रिलमध्ये उस्मानिया विद्यापीठात पोरांनी बीफ फेस्टिव्हल केला, मार खाल्ला, ते धाडस होतं. पण नंतर ताटाचा नुसता झेंडा झाला. फोटो, घोषणा, दोन घास. गंज कुणी घासला? कांदा कुणी चिरला? नळीतला मगज काढून पोराच्या भाकरीवर आपटणारी बाई त्या फोटोत का नाही? ह्याचं उत्तर आपल्याला द्यावं लागेल, आपल्या अंकातही बायांच्या कविता किती ते मोजून.

म्हणून सरळ पाककृती. पण त्याआधी बिअरचं बोलू, कारण मला त्यावरून घरात झापलंय.

मी गेल्या सुट्टीत गावी बाटली घेऊन गेलो. मायनं ती उंबऱ्याबाहेरच थांबवली. "थे बाटली पयले बाहीर ठेव. बाबासायबाची प्रतिज्ञा इसरला काय रे बाबू?" मी म्हटलं, माय, शिजल्यावर दारू उडून जाते. हे सगळे सांगतात, पण पुरं खरं नाही. तीन तासांनीही थोडी राहतेच. आणि प्रश्न थेंबांचा नव्हताच. ज्या बाईनं नवऱ्याच्या बाटलीपायी कानातलं गहाण टाकलं, तिच्या चुलीवर बाटली उपडी करायची असली तर तिचं म्हणणं आधी ऐकावं लागतं. दारूविरुद्ध चंद्रपुरात बाया रस्त्यावर आल्या, १ एप्रिल २०१५ पासून तिथं बंदी झाली, २०२१ ला सरकारनं उठवली. गंमत बघा, त्या वर्षी मार्चमध्ये बैल बंद आणि एप्रिलमध्ये बिअर बंद : चंद्रपुरात हा एक गंज म्हणजे दोन गुन्हे. पण दोन्ही बंद्या एका मापानं मोजू नका. एक वरून लादली, दुसरी खालून मागितली.

मग माय म्हणाली, "आंबटच पायजे ना तुले? मंग आंबील टाक." आणि मी गप्प झालो. बिअर म्हणजे तरी काय, आंबवलेलं धान्यच. तिथं जव, इथं ज्वारी.

तर घ्या लिहून. नळीचं, हाडासकट म्हशीचं मटण एक किलो, परवान्याच्या दुकानातून, पावती घेऊन. पावती फेकू नका. कांदे पाऊण किलो, उभे चिरून. तुकडे तेलात थोडे थोडे घालून काळपट होईतो परता, एकदम ओतले तर पाणी सुटतं आणि रंग येत नाही. ते काढून त्याच तेलात कांदा, अर्धा तास, घाई नको. मग लसूण, मिरे, दोन लवंगा, तेजपान, वऱ्हाडी तिखट अंगात असेल तेवढं. मटण परत घाला. आता बिअर घालणार असाल तर ६५० मिलीची एक बाटली, साधी, स्ट्राँग नको. आटली की कडवटपणा वाढतो. तो मारायला सुपारीएवढा गूळ आणि चिंचेचा कोळ. पावाऐवजी शिळ्या भाकरीचा पापुद्रा, त्यावर वाटलेली मोहरी फासून. एकवीस वर्षांखालच्यांनी बाटलीच्या वाटेला जाऊ नये, आणि १९४९ च्या कायद्यानं मोठ्यांनाही परवाना लागतो, हे जाता जाता.

आंबील घालायची तर चार मोठे चमचे ज्वारीचं पीठ रात्री पाण्यात आंबत ठेवा. मटण आधी साध्या पाण्यात दोन तास शिजू द्या, मगच ओता आणि ढवळत राहा, नाहीतर पीठ बुडाला लागतं. कडवटपणासाठी चिमूटभर मेथीदाणे. भाकरीचा तुकडा मग नको, पीठच दाट करतं. मला विचाराल तर आंबिलीचं जास्त चांगलं लागलं. कुकनं ऐकलं तर रागावेल.

खरी गोष्ट जाळाची. रस्सा खदखदा उकळला की मांस आवळतं, दोरखंड होतं. नुसतं एखाददुसरं बुडबुडं आलं पाहिजे. तीन-चार तासांत सांध्यातले पांढरे चिवट धागे विरघळून चिकट रस होतो, रश्श्याला अंग येतं ते त्यानं. बिनहाडाच्या चौकोनी तुकड्यांत ही मजा नाही, ती मलेशियाला जाऊ द्या. पऱ्हाटी भडकन पेटते आणि भडकन विझते, तुराट्यांचंही तेच. म्हणून आमच्याकडं वर आलेला जाळ मोडून गोवऱ्या लावतात. गाईच्या शेणाच्या. त्याला कुणाची हरकत नसते. झाकणावर पाणी ठेवायचं, आत लागलं तर तेच गरम पाणी घालायचं. शहरात गॅसच्या लहान बर्नरवर तवा ठेवून त्यावर गंज. हाडावरून मांस आपोआप सरकलं की उतरवा, वरून सांबार टाका. सांबार म्हणजे कोथिंबीर, मुंबईकरांनो. दुसऱ्या दिवशी जास्त लागतं, उरलं तर.

पुढचा अंक अन्नावर काढतोय. शाहू पाटोळ्यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातलं आपलं ताट नोंदवलं. वऱ्हाडातलं आपण नोंदवू. चाण्या कशा वाळवायच्या, रक्ती, वजडी कशी साफ करायची, आजीला विचारा, मापासकट लिहा. 'अंदाजे' चालणार नाही. सांगणाऱ्या बाईचं नाव वर, तुमचं खाली. कागदाच्या एकाच बाजूला लिहा. आणि मटण कुठून आणलं त्या दुकानाचं, गल्लीचं नाव मात्र लिहू नका.