जोडीची कारकीर्द
क्रीडेचे दप्तर एकेरीच्या विजेत्यांचीच दखल अगत्याने घेते; म्हणूनच १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये लेरॉय डिसा यांच्या साथीने बॅडमिंटन दुहेरीचे कांस्यपदक मिळविणारे प्रदीप गंधे आज नाशिकच्या क्रीडागृहांतील मुलांना फारसे ठाऊक नसावेत, याची आम्हांस मनस्वी खंत वाटते. त्याच दुहेरीत मुंबईच्या चिराग शेट्टीने सात्विकसाईराज रंकीरेड्डीसह २०२३ मध्ये हांगझौ येथील एशियाडमध्ये सुवर्णपदक पटकाविले. मागून सुटलेल्या सात्विकच्या स्मॅशपुढे प्रतिस्पर्ध्याने कसेबसे परतविलेले शटल जाळ्याशी अचूक टिपणारी चिरागची रॅकेट ज्यांनी पाहिली, त्यांस या यशामागील वर्षानुवर्षांची तालीम निराळी सांगावयास नको. नाशिकच्या प्रशिक्षकांनी दुहेरीचा सराव उरल्यासुरल्या वेळात न उरकता त्यास स्वतंत्र तास द्यावेत, ही आमची आग्रहाची विनंती आहे.