बातम्यांचा वाढपी कोणी निवडावा?

मोबाइलवर किंवा टॅबलेटवर बातम्या वाचण्यासाठीं कोणतें ॲप घ्यावें, असें विचारल्यास आमच्या सुशिक्षित मंडळींकडून हटकून दोन उत्तरें येतात : फुकट असेल तें घ्यावें, आणि आपली आवड ज्याला आपोआप कळते तें घ्यावें. हीं दोन्ही उत्तरें वाचकाच्या स्वातंत्र्यास घातक आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आम्ही ज्या साधनाचा पुरस्कार करतों तें फीड रीडर होय. संकेतस्थळावर नवा मजकूर आला कीं त्याचा मथळा, तारीख, दुवा आणि सारांश किंवा संपूर्ण लेख ठराविक सांच्यांत मांडला जातो. ती यादी म्हणजे फीड. हा सांचा १९९९ सालीं नेटस्केप कंपनींत जन्मास आला. त्याचें नांव आर. एस. एस.; या तीन अक्षरांवरून वाचकांनीं नागपूरकडे धांव घेण्याचें कारण नाहीं. आपल्या पसंतीचीं संकेतस्थळें एकदां सांगितलीं कीं रीडर तीं वरचेवर तपासतो आणि नवें तेवढें पुढें ठेवतो. वर्डप्रेस व ब्लॉगर यांवरील मराठी अनुदिन्यांसहि असें फीड आपोआप लाभतें.

आधीं आवडीची गोष्ट घेऊं. काल आपण जिलबी जास्त खाल्ली म्हणून आज भाजी मागितली तरी जिलबीच वाढणाऱ्या वाढप्यास कोणी अगत्यशील म्हणणार नाहीं. समाजमाध्यमांवर मात्र हेंच चालतें. वाचक कशावर थांबला, कशावर त्यानें बोट ठेवलें, यावरून उद्यांचा क्रम ठरतो. आणि जाहिरातींवर चालणाऱ्या धंद्यास वाचक शहाणा होण्यापेक्षां खिळून राहणें अधिक लाभाचें असतें.

यावर कोणी म्हणेल कीं, वृत्तपत्राचा संपादकहि क्रम ठरवितोच. खरें आहे, परंतु तो आपल्या नांवानें ठरवितो आणि सर्वांपुढें एकच पान ठेवतो. त्याचा पक्षपात दिसला तर दुसऱ्या दिवशीं त्याला चार शब्द सुनावतां येतात. यंत्र प्रत्येकास निराळें पान दाखवितें. मग टीका करावयाची ती कोणत्या पानावर? एकाच घरांतील चार माणसें चार जगांत वावरूं लागतात, आणि रात्रीं पाटावर बसल्यावर धड भांडण्यापुरताहि समान आधार उरत नाहीं.

आतां फुकटाविषयीं. गूगल रीडर २००५ सालीं निघाला, असंख्य वाचकांच्या नित्याच्या संवयींत बसला, आणि १ जुलै २०१३ रोजीं बंद झाला. ज्यांनीं आपली यादी ओ. पी. एम. एल. नांवाच्या फाइलींत उतरवून घेतली होती ते निर्वेधपणें दुसऱ्या रीडरकडे गेले; ज्यांनीं ती वेळेवर हलविलीच नाहीं त्यांस वर्षांनुवर्षें जमविलेल्या संग्रहास मुकावें लागलें. मात्र फुकट तें सारें वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. ॲपलच्या साधनांवरील नेटन्यूजवायर व अँड्रॉइडवरील फीडर हीं दोन्ही ॲपें विनामूल्य असून त्यांची संगणकीय संहिता सर्वांस खुली आहे. फीडली व इनोरीडर यांत खातें उघडावें लागतें; त्यायोगें मोबाइलवर वाचलेला लेख टॅबलेटवरहि वाचलेलाच दिसतो, आणि अधिक सोयींसाठीं वर्गणी पडते. अशी वर्गणी देण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. मासिकाची वर्गणी आपण देतोंच.

म्हणून ॲप घेतांना तीन प्रश्न विचारावे. लेख तारखेच्या क्रमानें लावतां येतात काय? आपली यादी बाहेर नेतां येते काय? आणि या चाकरीचा खर्च कोण सोसतो? पहिल्या दोहोंचें उत्तर नकारार्थी असेल, किंवा तिसऱ्याचें उत्तरच मिळत नसेल, तर तें ॲप कितीहि देखणें असो, घरांत आणूं नये.

या मार्गांत कष्ट आहेत हें आम्हांस मान्य आहे. संकेतस्थळें स्वतः निवडावीं लागतात, कंटाळवाणीं झालीं तीं काढावीं लागतात, आणि शंभर फीडें हौसेनें जोडणाऱ्यास न वाचलेल्या लेखांचा आंकडा पाहून धडकी भरते. परंतु निवडणें हा वाचनाचाच भाग आहे. तो भाग दुसऱ्यावर सोंपवून ‘बातम्यांचा दर्जा खालावला’ म्हणून हळहळणाऱ्यांनीं आधीं आपलें ताट कोणाच्या हातीं दिलें आहे तें पाहावें.