अक्षयनिवी आणि उचल

आज १५ जानेवारी, तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा स्मृतिदिन. २००२ साली याच दिवशी त्या गेल्या. प्रयोग चालू असताना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर आल्या, ही गोष्ट आज ठिकठिकाणच्या व्यासपीठांवरून सांगितली जाईल. सांगणाऱ्याचा गळा दाटून येईल, टाळ्याही पडतील. दुसरी गोष्ट मात्र सहसा कोणी काढत नाही. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींकडून गौरवली गेलेली ही बाई, पण तिच्या शेवटच्या आजारपणाचे बिल देणगीदारांनी भागवले. पहिली गोष्ट ऐकायला नुसते कौतुक पुरते, दुसरीला हिशेब द्यावा लागतो. म्हणून आम्ही आज हिशेबाचेच बोलणार आहोत.

आणि हिशेबाला बसायचे तर विठाबाईंच्या नारायणगावच्याच जुन्नर तालुक्यात घाटघरसारखी जागा नाही. (अकोले तालुक्यातले, वीजप्रकल्पाचे घाटघर ते वेगळे.) जीवधनच्या पायथ्याचे, भातखाचरांचे आणि हिरड्याच्या झाडांचे, बहुतांश महादेव कोळ्यांचे हे गाव. गावापुढची वाट नाणेघाटाच्या तोंडाशी जाते. पर्यटक तिथल्या दगडी रांजणाजवळ फोटो काढतात, जकातीची नाणी यात पडत ही आख्यायिका ऐकतात आणि लेण्यात डोकावून परततात. त्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. अश्वमेध, राजसूय आणि कितीतरी यज्ञांची त्यात यादी आहे, आणि दिलेली दक्षिणा आकड्यांनिशी नोंदलेली आहे. कुठे १,७०० गाई आणि १० हत्ती, कुठे ११,००० गाई आणि १,००० घोडे, शिवाय कार्षापण नावाची नाणी आणि चांदीची भांडी. भारतीय अंकांच्या इतिहासात या लेखाला मान आहे तो या आकड्यांमुळेच. देणारे त्यात आहेत, घेणारे ऋत्विज आहेत. छिन्नी धरून हे सगळे कातळात उतरवणाऱ्याचे नाव उरलेल्या मजकुरात नाही. अकरा हजारांतली एखादी गाय त्याच्या दावणीला आली असेल तर तिचीही नोंद नाही.

पण याच मुलखात दान देण्याची दुसरी एक रीत होती, आणि ती आम्हांला जास्त शहाणपणाची वाटते. जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या, काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणी भेटतात. श्रेणी म्हणजे त्या धंद्यातल्या माणसांचा संघ. दाते त्यांच्याकडे ठेव ठेवत. या व्यवहाराचा सर्वांत स्वच्छ हिशेब नाशिकच्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण, वस्त्रासाठी. अशा ठेवीला अक्षयनिवी म्हणत. यातली मेख भिक्खूंच्या वस्त्रापेक्षा कोष्ट्यांत आहे. राजाच्या जावयाचा पैसा सांभाळायला विणणाऱ्यांचा संघ पुरेसा पतवान मानला गेला होता. कारागीर त्या व्यवहारात हात पसरून उभा नव्हता, तोच पेढी होता.

आता घाटघरहून जुन्नर ओलांडून नारायणगावला या. इथल्या पेढीचे नाव उचल. दसऱ्याच्या आधी तमाशाचा फड बांधला जातो तेव्हा नाचणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या, पेटीवाला, बिगारी, ड्रायव्हर सगळे हंगामाची उचल घेतात. ती द्यायला फडमालक सावकाराच्या दारात जातो. दसऱ्यापासून तंबू टाकून तिकिटावर गावोगाव फिरायचे आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्यांवर देणे फेडायचे, असे हे चक्र. पाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावात राहुट्या लागतात. राहुटीत एक टेबल, चार खुर्च्या, फडाच्या नावाचा रंगीत फलक, कलावंतांचे फोटो आणि खुणा केलेले कॅलेंडर. गावकारभारी येतात, आधी तिथी बोलतात, मग आकडा. ज्या तिथीला जत्रा जास्त तिचा भाव चढा. मोकळ्या दिवशी तोच फड, तोच वग, तेच साठ-सत्तर-शंभर जिवांचे बिऱ्हाड कमी पैशांत जाते. इसार हातात पडला की तारखेवर गोल काढला जातो. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, म्हणजे ज्या मध्यरात्री देश बंद झाला तिची सकाळ. कॅलेंडरवरचे गोल कागदावरच राहिले आणि उचल अंगावर राहिली. पुढच्या वर्षीच्या जत्राही बुडाल्या. द्राक्षाची बाग पावसाने गेली तर तलाठी पंचनाम्याला येतो. बुडालेल्या वगाचा पंचनामा कुठल्या नमुन्यात करायचा, हे अजून कोणत्याही कचेरीने ठरवलेले नाही.

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. वृद्ध कलावंत-साहित्यिकांच्या मानधनाची राज्याची योजना १९५४-५५ पासून आहे. आधी अ, ब, क अशा श्रेणी होत्या, ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपयांच्या. एप्रिल २०२४ पासून सरसकट महिना ५,००० झाले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले. श्रेणी गेल्या हे उत्तम झाले. ढोलकीवाला 'क' आणि कोणी दुसरा 'अ' हे ठरवणारा काटा कुणाच्या हातात होता, हा प्रश्न त्याबरोबर मिटला. पण हे पैसे पन्नाशीनंतर मिळतात. विठाबाईंच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कारही नावाप्रमाणे आयुष्य सरत आल्यावरच. आमची तक्रार इथे आहे. तमाशातल्या बाईच्या आयुष्यात आधी उचल येते आणि शेवटी मानधन. उचल हे कर्ज आणि मानधन हा आधार. मधली तीस वर्षे, ज्यांत नवा वग बसवायचा, एखादी गायकी शिकायची, स्वतःचा फड काढायचा, त्या वर्षांसाठी राज्याकडून तिच्या स्वतःच्या वाट्याला जवळजवळ काहीच नाही.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाकडे त्या वर्षांसाठीही योजना आहेत. १८ ते २५ वयाच्या कलावंतांना दोन वर्षे दरमहा ५,००० ची शिष्यवृत्ती, २५ ते ४० वयाला दरमहा १०,००० ची कनिष्ठ आणि चाळिशीपुढे २०,००० ची ज्येष्ठ पाठ्यवृत्ती. लोककला आणि आदिवासी कलाही त्यांत धरलेल्या आहेत. कागदावर दार सताड उघडे आहे. आत शिरताना ऑनलाइन अर्ज लागतो, प्रकल्पाचा आराखडा लागतो, गुरूचे प्रमाणपत्र लागते. जिची गुरू आई, आईची गुरू मावशी आणि शाळा म्हणजे ट्रकची ताडपत्री, तिने प्रमाणपत्रावर शिक्का कुणाचा घ्यायचा? कांबड नाचात पाऊल धरणाऱ्या महादेव कोळी पोराने हजार शब्दांत लिहायचे तरी काय? ज्यांच्या घरी तीन पिढ्या अर्ज लिहिले गेले त्यांना या अटी किरकोळ वाटतात. कलेला जात नसते, मग वेगळी पाठ्यवृत्ती कशाला, असे विचारणाऱ्यांनी हा अर्ज एकदा नारायणगावच्या राहुटीत बसून भरून पाहावा. तमाशा मांग, महार, कोल्हाटी अशा जातींनी जगवला. घाटाकडची सोंगे आणि नाच आदिवासींनी. स्वातंत्र्याच्या सुमारास तमाशावर बंदी घालून, मग तो 'सुधारून' परत देणाऱ्या मंडळींत हे लोक अपवादानेच होते.

आता एक दुसरा आकडा. २०२४ साली अमेरिकेतली मॅकआर्थर पाठ्यवृत्ती डॉ. शैलजा पाईक यांना मिळाली, ८ लाख डॉलर, पाच वर्षांत. नगर जिल्ह्यातल्या पोहेगावचे कुटुंब, वाढल्या येरवड्यात, एका खोलीच्या घरात. ही पाठ्यवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या दलित. त्यांच्या अभ्यासाचा विषय दलित स्त्रिया, आणि २०२२ मधले त्यांचे पुस्तक तमाशातल्या बायकांवरच आहे. या पाठ्यवृत्तीला अर्ज करता येत नाही, नाव इतर लोक सुचवतात, पैसे कसे खर्च करायचे याची अट नसते. त्यांचा अभिमान वाटायलाच हवा. तरीही हिशेब हिशेबाच्या जागी राहतो. तमाशातल्या बाईवर लिहिणाऱ्या विदुषीवर कोणीतरी बिनशर्त विश्वास टाकला, खुद्द तमाशातल्या बाईवर कोण टाकणार?

असा विश्वास टाकून पाहिल्याचे उदाहरण त्याच देशात आहे. ज्युलियस रोझेनवाल्ड या व्यापाऱ्याच्या निधीने १९२८ ते १९४८ या काळात अनेक कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांना पाठ्यवृत्त्या दिल्या. कृष्णवर्णीयांना अमेरिकेच्या दक्षिणेत अनेक सार्वजनिक ग्रंथालयांचे दार बंद होते तो हा काळ. १९४० साली ती बाविशीतल्या जेकब लॉरेन्स या चित्रकाराला मिळाली. त्या पैशात त्याने जागा भाड्याने घेतली आणि दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या आपल्या लोकांच्या स्थलांतरावर ६० चित्रे काढली. १९४१ साली ती प्रदर्शित झाली आणि दोन मोठ्या संग्रहालयांनी निम्मी निम्मी विकत घेतली. गंमत अशी की रोझेनवाल्डला अक्षयनिवी मान्य नव्हती. मुद्दल जपत बसू नका, आपल्यामागे एका पिढीत खर्चून टाका, असे त्याचे म्हणणे. १९४८ ला निधी रीतसर संपला. ठेव ठेवावी की खर्चून टाकावी यावर वाद घालता येईल. वेळेवर द्यावी, यावर नाही. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबियासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीही वेळेवरच.

पैसा कोणाला द्यायचा याइतकाच तो कोणाच्या हातून जायचा, हाही प्रश्न आहे. स्वतःचा तमाशाचा फड चालवणाऱ्या कांताबाई सातारकर २०२१ च्या मेमध्ये गेल्या. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही वर्षानुवर्षे फड चालवला. शंभर माणसांचे जेवण, पगार, ट्रक, परवाने, गावकऱ्यांशी बोलणी आणि रात्री बोर्डावर उभे राहणे, एवढे सांभाळणाऱ्या बाईला शहरात संस्थेची संचालक म्हणतात. आम्ही तिला 'तमासगीरीण' म्हणतो. कोकणातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे संग्रहालय मांडले, २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली. मानधनाच्या, अनुदानाच्या, पुरस्काराच्या निवड समित्यांवर अशी माणसे निम्म्याने तरी असली पाहिजेत. शोभेचा एक सदस्य घेतल्याने भागणार नाही. आणि राज्याला खरोखर काही करायचे असेल तर दरवर्षी अनुदानाची घोषणा करण्यापेक्षा एक ठेव फडमालक आणि कलावंतांच्या संघाकडे द्यावी. व्याजातून दसऱ्याआधी बिनव्याजी उचल मिळावी. सावकाराचा दर निम्मा उतरला तरी कितीतरी फड उभे राहतील. पैसे बुडतील, अशी शंका निघेलच. कोष्ट्यांच्या श्रेणीबद्दलही दरबारात ती कोणीतरी काढली असेल.

घाटघरसाठी तर नवे काही शोधायलाही नको. जुन्नर-आंबेगावचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी अशा, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या, क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि त्याचा वापर ग्रामसभा ठरवते. शासनाच्या भाषेत त्याचे नावच 'अबंध निधी'. त्यातून पायाभूत सुविधा होतात, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी होते, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण होते, वनसंवर्धन आणि जलसंधारण होते. कला या यादीत नाही. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, मिरवणुकीत नाचायला पोरे हवी असतात, पण त्यांच्या ढोलाच्या कातड्याला पैसे कोणत्या शीर्षाखाली द्यायचे ते ठरलेले नाही. गावातल्या एखाद्या जाणत्या नाचणाऱ्याने वर्षभर चार पोरांना शिकवावे आणि ग्रामसभेने त्याला दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, यासाठी ना प्रकल्पाचा आराखडा लागेल ना गुरूचे प्रमाणपत्र. कोण जाणता आहे हे गावाला ठाऊक असते.

अकरा दिवसांनी, २६ जानेवारीला, गावोगाव ग्रामसभा भरतील. घाटघरच्या आणि या पट्ट्यातल्या प्रत्येक गावच्या ग्रामस्थांना आमची विनंती आहे की कामांच्या यादीत एक ठराव घाला. अबंध निधीच्या बाबींत कला आणि कलावंतांची भर घालावी, असे शासनाला लिहा आणि ठरावाची प्रत घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे पाठवा.