ऑक्टाव्हियावर 'आरएस'ची पाटी दिसली, म्हणजे ती आरएसच का?

जिंतूर-परभणी रस्त्यावर बोरीजवळ 'आरएस'ची पाटी लावलेली ऑक्टाव्हिया दिसली, तरी लगेच फोटो टाकू नका. स्कोडाने 2020 मध्ये आरएस 245 च्या फक्त 200 आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नव्या आरएसच्या 100 गाड्या भारतात आणल्या, त्याही परदेशातून तयार होऊन. साधी ऑक्टाव्हिया मात्र आपल्याच मराठवाड्यात, शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायची.

इंजिन दोन्हींचं दोन लिटरचंच. 2021 च्या साध्या गाडीत ते 190 पीएस ताकद देतं, 2025 च्या आरएसमध्ये 265. आरएस 6.4 सेकंदांत शंभरचा वेग गाठते. पण सस्पेन्शन 15 मिलिमीटरने खाली. गावाकडच्या गतिरोधकांवर ही हौस महागात पडेल. साधी 2021 मध्ये 25.99 लाखांपासून होती, आरएस 49.99 लाखांना आली (दोन्ही एक्स-शोरूम).

खरी फसगत जुन्या गाड्यांच्या बाजारात होते. पाटी सुटी विकत मिळते आणि आरसीवरची सीसी पाहून काहीच कळत नाही, कारण दोन्हींची 1984 च आहे. म्हणून पैसे मोजण्याआधी आरसीवरचं मॉडेलचं नाव वाचा आणि शोरूममधून सर्व्हिसची नोंद काढून घ्या.