स्वस्ताईच्या भरवशावरचे म्हातारपण

निवृत्तीनंतर कोस्टा रिकात राहायला जाऊ पाहणाऱ्या अमेरिकनांना आज दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक पक्ष म्हणतो, ‘तिथे महागाई वाढली, खून वाढले, बेत सोडून द्या.’ दुसरा म्हणतो, ‘निम्म्या खर्चात थाटात राहाल. खूनबीन टोळ्यांच्या आपसांतले. आपल्याला त्याचे काय?’ दोन्ही पक्ष चुकतात, कारण दोघेही त्या देशाला केवळ बाजार समजतात.

आधी महागाई पाहू. 2022 च्या मध्यात डॉलरला जवळपास 700 कोलोन (तिथले चलन) मिळत. दोन वर्षांत हा दर पाचशेच्या घरात आला. पेन्शन डॉलरमध्ये तेवढीच राहिली, पण तिची सुमारे चौथाई खरेदीशक्ती गेली. यात नीट समजून घ्यावे असे काही आहे: 2023 च्या उत्तरार्धात त्या देशातला महागाईचा वार्षिक दर शून्याखाली होता. वस्तू नव्हे, कोलोन महागला. वैद्यकीय उपकरणांची निर्यात, परकीय गुंतवणूक आणि पर्यटन यांमुळे डॉलरचा ओघ वाढला आणि डॉलर उतरला. देशाची ही भरभराट पाहुण्याला महागाई वाटते, म्हणून तो देश बिघडला असे होत नाही. आणि ‘निम्म्या खर्चात’ म्हणणारे एका वेळच्या विनिमयदराला जन्मभराचे वचन मानतात. निवृत्तांच्या परवान्यासाठी दरमहा किमान 1,000 डॉलरची आजन्म पेन्शन लागते. पण कायद्याची अट पुरी झाली म्हणजे महिना निभेल असे नाही. हेच आपल्याकडेही लागू आहे: अमेरिकेतून पुण्याला परतू पाहणाऱ्या मराठी जोडप्यांना आज डॉलरचा दर साथ देतो. तोही दरच आहे, हक्क नव्हे.

आता गुन्हेगारी. जेमतेम 50 लाखांवर वस्तीच्या या देशात 2023 साली नऊशेहून अधिक खून झाले. लाखामागे सुमारे 17 हे प्रमाण तोवरच्या इतिहासातले सर्वाधिक होते. कोलंबियाचे कोकेन फळांच्या कंटेनरांतून युरोपला धाडणाऱ्या टोळ्यांचे वैर त्यामागे आहे. हे कंटेनर जिथून सुटतात ते मोइन बंदर ज्या लिमोन प्रांतात आहे, तिथला दर देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त होता. धोका सगळीकडे सारखा नाही, म्हणून सरसकट ‘जाऊ नका’ म्हणणे चूक आहे. सेंट लुइस किंवा मेम्फिससारख्या अमेरिकन शहरांतले खुनांचे प्रमाणही कोस्टा रिकाच्या सरासरीहून बरेच वर आहे.

पण ‘आपल्याला त्याचे काय’ हे उत्तर त्याहून चूक. टोळ्यांच्या हाती लागणारी पोरे शेजारच्याच वस्तीतली असतात आणि गोळ्या वाटसरूंनाही लागतात. उंच भिंत आणि रात्रीचा पहारेकरी यांचा खर्च शेवटी घरखर्चातच येतो. शेजार असुरक्षित ठेवून स्वतःपुरती सुरक्षितता विकत घेता येत नाही.

मग जावे कशासाठी? या देशाने 1941 साली ‘काहा’ ही सामाजिक आरोग्यविम्याची संस्था उभारली, 1948 साली सैन्य मोडीत काढले आणि शाळा-दवाखान्यांना प्राधान्य दिले. तिथले सरासरी आयुर्मान 80 वर्षांच्या आसपास आहे. अमेरिकेचा मेडिकेअर विमा परदेशातल्या उपचारांना सहसा लागू होत नाही. निवासाचा परवाना मिळालेल्या पेन्शनरला मात्र काहाची वर्गणी भरून स्थानिकांबरोबर उपचार मिळतात. रांगाही स्थानिकांइतक्याच लांब असतात. शिक्षणावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या किमान 8 टक्के खर्च करण्याची तरतूद संविधानात आहे. प्रत्यक्षातला खर्च तिच्या बराच खाली राहतो. लिमोनमधली शाळा ओस पडली की टोळीला माणसे मिळतात, हे तिथे म्हातारपण काढणाऱ्याने आपले दुखणे मानले पाहिजे.

म्हणून जाणाऱ्याने पेन्शनची चौथाई वजा करून हिशेब मांडावा. घर विकत घेण्याआधी पावसाळ्यासकट वर्षभर भाड्याने राहावे. स्पॅनिश शिकावी. रात्री कुठल्या रस्त्याने जाऊ नये, हे दलालाला नव्हे, गल्लीतल्या औषधवाल्याला विचारावे. परतीचे पैसे बाजूला ठेवावेत.

एवढे करण्याची तयारी नसेल आणि केवळ स्वस्ताई हवी असेल, तर जाऊ नये. दर फिरला की ती संपते. त्या देशाचे दवाखाने, शाळा आणि रस्ते ज्यांना आपले मानता येतील, त्यांनी खुशाल जावे. म्हातारपणाला आधार लागतो तो शेजारपाजाराचा, आणि तो मिळवायला त्या समाजाच्या सुखदुःखात वाटेकरी व्हावे लागते.